खिळ्यावरचं जाकीट

"घ्या! आजपासनं मी गुरुजी न्हाई," असं म्हणत चौगुले गुरुजींनी अंगातलं काळं, बिनबाह्यांचं जाकीट काढलं आणि फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

मी पोरांना घेऊन वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने अंकांची आगगाडी काढत होते. इंजिनाला चाकं लावायची तेवढी राहिली होती. हातात ब्रश तसाच धरून मी उकिडवी बसल्या बसल्या त्यांच्याकडे बघत राहिले. गुरुजींना जाकिटाशिवाय मी कधी पाहिलंच नव्हतं. भर मे महिन्यातल्या लग्नांतसुद्धा ते घामाने निथळत जाकीट घालून पहिल्या रांगेत बसत.

"काय झालं गुरुजी? प्रशिक्षण कसं झालं?"

"झ्याक झालं. जेवान चांगलं हुतं." गुरुजींनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "तिथं एक पोरगेला साहेब आलता. त्यो म्हनाला, आता शिकवायचं बंद. पोरं आपली आपन शिकत्यात. गुरुजीनं नुसतं बाजूला हुबं ऱ्हायचं आन् सोपं करून द्याचं. नावबी बदललंय बाई. गुरुजी न्हाई म्हनायचं. सुलभक म्हनायचं."

"तसं नाही हो गुरुजी, त्याचा अर्थ असा..."

"अर्थ समजला मला. आता पोरंच शिकनार, तर जाकीटबी पोरांनीच घालावं." एवढं बोलून त्यांनी खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात नेऊन ठेवली. मग वर्तमानपत्र उघडून ते खुर्चीत जे बसले, ते शाळा सुटेपर्यंत उठले नाहीत.

करंजखोलची आमची जिल्हा परिषदेची शाळा दोन शिक्षकी होती. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, एक व्हरांडा. गुरुजी मुख्याध्यापक आणि मी त्यांच्या हाताखाली नवी आलेली खाडेबाई. त्या वर्षी सरकारने सगळंच एकदम बदलायला काढलं होतं. कुठल्या इयत्तेच्या पोराला काय काय यायलाच पाहिजे याचे नवे निकष आले, शिकवण्याची नवी पद्धत आली आणि सगळ्यांवर कळस म्हणजे राज्यभर एकच पेपर आला. तो पेपर आपल्या शाळेतल्यांनी घ्यायचा नाही, बाहेरून साहेब येणार. शाळेतलं प्रत्येक पोर त्यात ठरलेल्या रेषेच्या वर गेलं, तर दारावर 'प्रगत शाळा' असा बोर्ड लागणार.

मला यातलं सगळं आवडलं होतं. मी मिरजेहून नवीकोरी पदविका घेऊन आले होते आणि जग सुधारायला कुठून तरी सुरुवात करायची म्हणून करंजखोलपासून करत होते. मी बाकं बाहेर काढली, पोरांना गोलात बसवलं, खडे, काड्या, चिठ्ठ्या, पत्ते असं काय काय जमवलं. गुरुजी व्हरांड्यातून हे सगळं बघत आणि मोठ्याने पान उलटत.

जाकिटाचं पुढे काय होणार हे मात्र मला कुठल्याही पदविकेत शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी चौथीतल्या विश्वजितची गणितं सगळ्यांच्या आधी झाली. हा आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांचा, बंडू पाटलांचा मुलगा. हुशार, पण भलता उतावळा. गणितं संपवून तो रिकामा बसला की वर्गाचं काही खरं नसे. त्याने खिळ्यावरचं जाकीट काढलं आणि अंगात चढवलं. जाकीट गुडघ्याच्या खाली आलं.

"मी सुलभक!" तो म्हणाला, आणि वर्ग फुटला.

मला वाटलं, आता व्हरांड्यातून आभाळ कोसळणार. गुरुजी खरंच आत आले. विश्वजितचं तोंड एवढंसं झालं.

"घाटलंस न्हवं जाकीट?" गुरुजी म्हणाले. "मग आता नियम ऐक. ज्याचं पयलं हुईल त्येनं जाकीट घालायचं आन् ज्याचं आडलंय त्येच्यापाशी जाऊन बसायचं. पन उत्तर सांगायचं न्हाई. नुसतं इचारायचं. जो उत्तर सांगंल त्येच्या अंगातनं भर वर्गात जाकीट काढून घेनार. समजलं का?"

"व्हय गुरुजी."

"गुरुजी न्हाई. गुरुजी तू हाईस आता." आणि ते परत वर्तमानपत्रात गेले.

त्या दिवसापासून जाकिटावरून वर्गात चढाओढ लागली. ज्याचं आधी होईल तो उठणार, खिळ्यावरून जाकीट काढणार आणि कुणाच्या तरी समोर मांडी घालून बसणार. दिवाळीपर्यंत पोरं अशी भराभर पुढे गेली की मी हरखून गेले. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या बैठकीत मी गोलात बसण्यावर आणि चिठ्ठ्यांवर छान बोलले. जाकिटाचं काही बोलले नाही, कारण ते शास्त्रशुद्ध वाटलं नसतं.

घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी, आणि त्या ठिकाणाचं नाव होतं मायाक्का.

मायाक्का चौथीत होती. धनगराची पोर. वर्षातला निम्मा काळ आईबापाबरोबर मेंढरांमागे बाहेर असायची, त्यामुळे तिची दुसरी निम्मी झाली होती आणि तिसरीही निम्मीच. मुलगी मंद नव्हती. पण गणित समोर आलं की ती दगडासारखी गप्प व्हायची आणि घाबरून पेन्सिलीचं टोक चावत बसायची. त्या वर्षी गुरुजींनी तिच्या बापाची समजूत घातली होती आणि तिला आत्याकडे ठेवून घेतलं होतं. आत्या पहाटे कामाला जाताना तिला शाळेच्या पायरीवर सोडून जायची. मी येईपर्यंत गुरुजी झाडांना पाणी घालत असत आणि मायाक्का त्यांच्या मागे मागे हिंडत असे. दोघांच्या काहीबाही गप्पा चाललेल्या असत. मला ती दोघं लांबूनच दिसत, मी जवळ आले की गप्पा थांबत.

चाचणी आठवड्यावर आली तेव्हा बंडू पाटील मोटरसायकलवरून शाळेत आले.

"गुरुजी, आडपडदा ठेवत न्हाई," ते म्हणाले. "तीन रस्त्यांच्या तिट्ट्यावर त्या इंग्लिश शाळेची पिवळी बस याला लागलीया. समदी आईबापं माज्या मागं लागल्यात. मी त्येंस्नी सांगून ठेवलंय, बोर्ड लागला तर पोरं हितंच. न्हाई लागला तर जूनपासनं बस."

"आन् बसचं पैसं ज्येंच्याकडं न्हाईत ती पोरं?" गुरुजींनी विचारलं.

पाटलांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. "त्येला मी काय करू गुरुजी? आपल्या लेकराचं बगाय नगो?"

ते गेल्यावर गुरुजी अंगणातल्या पोरांकडे बघू लागले. पटावरची पोरं बसमध्ये बसून गेली, तर शाळा बंद. मग मला दुसरी शाळा मिळेल, गुरुजींची तर शाळेचं वर्ष संपताच निवृत्ती होती. मायाक्काला मात्र पुन्हा मेंढरं.

"बाई, मायाक्का निघंल का वो त्या पेपरातनं?"

"निघेल की," मी म्हणाले. मला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

चाचणीच्या दिवशी बाहेरच्या केंद्रातून कुंभोजकर साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात सूचनांचं पुस्तक. त्यांनी आल्या आल्या पोरांना चार चार हातांवर बसवलं. माझ्या आगगाडीवर बसायला मनाई केली, कारण तिच्या डब्यांवर आकडे होते. गुरुजींना व्हरांड्यात बसायला सांगितलं, त्यात गुरुजींना नवीन काही नव्हतं. मला दारात उभं राहायची परवानगी मिळाली.

आदल्या दिवशी आम्ही पोरांना सगळं बजावलं होतं. दोन पेन्सिली आणा, पेपरला घडी घालू नका, नाव नीट लिहा, साहेबांना नमस्कार करा, लघवीला आधी जाऊन या. फक्त एकच गोष्ट सांगायची आमच्या डोक्यात आली नाही. पेपर म्हणजे रोजच्या गणितांपेक्षा काहीतरी वेगळं असतं, हे.

त्यामुळे झालं असं, की विश्वजितचा पेपर सगळ्यांच्या आधी झाला. त्याने तो साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला, नमस्कार केला, सरळ खिळ्याकडे गेला, जाकीट काढून अंगात घातलं आणि मायाक्कासमोर जाऊन मांडी घातली.

"काय आडलंय?" त्याने विचारलं.

कुंभोजकर साहेब आधी नुसते बघतच राहिले. त्यांनी नोकरीत पुष्कळ कॉप्या पकडल्या असतील, पण कॉपी करणारा असा गणवेश घालून आलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

"ए! हे काय चाललंय? ऊठ तिथून! बाई, हा काय प्रकार आहे?"

मी दारातून एक पाऊल आत टाकलं. "सर, ती आमची रोजची पद्धत आहे. तो उत्तर सांगत नाही, फक्त प्रश्न..."

"उघड उघड कॉपी आहे ही! दोघांचे पेपर रद्द करावे लागतील मला."

"साहेब, मी कायबी सांगिटलं न्हाई!" विश्वजित रडकुंडीला आला. "सांगिटलं आसतं तर गुरुजींनी जाकीट काढून घेटलं आसतं की!"

हा बचाव साहेबांच्या डोक्यावरून गेला. गुरुजी दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी फक्त हात जोडले, आणि त्यांना हात जोडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. कुंभोजकरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मायाक्काकडे. तिच्या डोळ्यांतलं पाणी पेपरवर पडून तिचं नाव ओलं झालं होतं.

"ठीक आहे," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "त्याचा पेपर आधीच जमा झालाय, तो राहू दे. माझ्याकडे जादा पेपर आहे. हिचा हा पेपर बाजूला. नवा पेपर ही पुढे, माझ्यासमोर बसून सोडवेल. तिच्याजवळ कोणीही जायचं नाही. जमलं तर जमलं."

मायाक्का पुढे येऊन बसली. पहिली काही गणितं तिने खाली मान घालून केली. बेरीज, वजाबाकी, घड्याळ. मग पेन्सिल थांबली आणि टोक तोंडात गेलं. दारातून मला प्रश्न दिसत होता. *एका गाडीत आठ मुले बसतात. सहलीला तीस मुले जाणार आहेत. तर किती गाड्या लागतील?*

मी मनातल्या मनात ओरडत होते, भागाकार कर गं बाई, भागाकार कर. मायाक्का खिडकीकडे बघत होती, मग छताकडे, मग रिकाम्या खिळ्याकडे. बाकीच्या पोरांचे पेपर झाले होते आणि सगळी चिडीचूप बसली होती.

"सायब," मायाक्का हळूच म्हणाली, "जाकीट घालू?"

"काय?"

"जाकीट. मी घालू का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "घाल," ते वैतागून म्हणाले. "थंडी वाजत असेल तर घाल."

थंडी कसली वाजतेय? मायाक्काने विश्वजितकडून जाकीट घेतलं, घातलं, आणि आत्ता जिथून उठली होती त्या रिकाम्या जागेच्या समोर जाऊन मांडी घातली. जणू तिथे दुसरी कुणी मायाक्का बसलेली होती. मग तिने घसा खाकरला, तोही चांगला जाड, म्हाताऱ्या माणसासारखा.

"हं. दमानं घे. कुनी पाठ लागलं न्हाई. आधी सांग, काय इचारलंय?"

टुणकन उडी मारून ती पलीकडे बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, "गाड्या किती लागतील."

परत अलीकडे. "आन् दिलंय काय?"

पलीकडे. "एका गाडीत आठ पोरं. समदी तीस."

"अहो, ही बोलतेय!" कुंभोजकर मला म्हणाले आणि त्यांनी घाईघाईने सूचनांचं पुस्तक उघडलं. एक पान, दुसरं पान. बोट एका ओळीवर थांबलं. "'विद्यार्थ्यांनी एकमेकांशी बोलू नये.'" त्यांनी पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. "स्वतःशी बोलण्याबद्दल यात काही सूचना नाहीत," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

"मग घाल बसवून," मायाक्काचं चाललंच होतं. "पयली गाडी भरली, किती झाली?"

"आठ."

"दुसरी?"

"सोळा."

"तिसरी?"

"चोवीस."

"समदी बसली?"

पलीकडची मायाक्का गप्प झाली. तिने बोटं मोडली, ओठ हलवले. अलीकडची मायाक्का होऊन ती शांतपणे थांबली. तिने घाई केली नाही, पेन्सिल चावली नाही. ते थांबणं मला ओळखीचं वाटत होतं, पण कुठे बघितलंय ते आठवत नव्हतं.

"न्हाई. सा उरली."

"मग त्येंचं काय करायचं? ऱ्हावा म्हनायचं घरात?"

"आं? आसं कसं?" पलीकडच्या मायाक्काला खरोखरचा राग आला होता. "त्येंस्नीबी सहलीला जायाचंय की! त्येंस्नी आनि एक गाडी."

"मग समद्या किती?"

"चार!"

"लिव्ह जा," जाकिटातली मायाक्का म्हणाली, तिने घसा खाकरला आणि खांद्यावर नसलेली धूळ झटकली.

ती धूळ झटकली आणि मला लख्ख आठवलं. सकाळी झाडांना पाणी घालताना गुरुजी अगदी तशीच झटकायचे, तसेच खाकरायचे, आणि प्रश्न विचारून तसेच थांबायचे. 'कुनी पाठ लागलं न्हाई' हे शब्द माझ्या एकाही चिठ्ठीवर नव्हते. व्हरांड्यातला रुसलेला माणूस रोज पहाटे, मी यायच्या आधी, पाण्याची झारी घेऊन शिकवत होता, आणि मी त्याला गप्पा समजत होते.

मी वळून पाहिलं. गुरुजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंसुद्धा त्यांना सुचत नव्हतं. स्वतःचाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की माणसाला काय वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं नाही. आता थोडं कळतं.

कुंभोजकरांनी मायाक्काचा पेपर घेतला, मग टेबलावरचा विश्वजितचा काढला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि मिशीत हसले. विश्वजितने त्याच गणिताला लिहिलं होतं, 'तीन गाड्या, बाकी सहा'.

"कॉपी केली असती, तर हिचं चुकलं असतं," ते म्हणाले.

विश्वजितने कपाळावर हात मारून घेतला. "आयला! उरल्याली सा इसरलोच की! साहेब, एक गाडी वाढवू?"

"आता नाही वाढवायची. उतावीळपणा नडला तुला." मग ते गुरुजींकडे वळले. त्यांचा आवाज पार बदलला होता. "गुरुजी, ही पोरगी स्वतःलाच शिकवते! हे हिला कोणी शिकवलं?"

"मी कुठं शिकीवतोय साहेब?" गुरुजी बाहीने डोळे पुसत म्हणाले. "मी सुलभक."

निकाल लागला. मायाक्का रेषेच्या वर होती. फार वर नाही, पण वर. विश्वजित एका गणितासाठी आठवडाभर फुगून बसला होता. बोर्ड आला तेव्हा पाटलांनी स्वतः शिडीवर चढून तो लावला आणि वाकडा लावला, म्हणून परत काढून पुन्हा लावला. जूनमध्ये पिवळी बस तिट्ट्यावर हॉर्न वाजवून वाजवून रिकामीच वळली.

त्यानंतर निकष बदलले, पेपर बदलले, बोर्डाचाही रंग उडाला. मीही आता दुसऱ्या एका गावात मुख्याध्यापक आहे. नवीन परिपत्रक आलं की माझे तरुण शिक्षक हिरमुसले होतात. तेव्हा मला एकच दिवस आठवतो, आणि तो चाचणीचा नाही.

तो त्या वर्षीचा शाळेचा शेवटचा दिवस. गुरुजींचा निरोप समारंभ झाला होता. शाल, नारळ झालं, पाटलांनी कोल्हापूरहून आणलेलं नवं पांढरं जाकीट झालं. भाषणात गुरुजी दोन वाक्यं बोलले आणि तिसरं अर्धंच सोडून खाली बसले. मंडळी चहा पिऊन पांगली. गुरुजी चपला घालत होते.

"गुरुजी, खिळ्यावरचं जुनं जाकीट राहिलंय," मी म्हणाले. "तुमचं आहे, घेऊन जा. थांबा, मी आणते."

ते खिडकीशी गेले आणि त्यांनी आत डोकावलं. खिळा रिकामा होता. अंकांच्या आगगाडीवर पहिलीतलं एक पोर रडवेलं तोंड करून बसलं होतं. त्याच्यासमोर गुडघ्यापर्यंतचं काळं जाकीट घालून मायाक्का बसली होती. तिने घसा खाकरला.

"हं. दमानं घे," ती म्हणाली. "कुनी पाठ लागलं न्हाई."

गुरुजी खिडकीपासून हळूच मागे सरले. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

"माझं कुठलं बाई?" ते माझ्या कानाशी कुजबुजले. "गुरुजी आत हाईत की."

आणि अनवाणीच पायऱ्या उतरून ते घराकडे निघाले.